हुकूम द्या, जवाब तपासा

विद्यार्थी मित्रांनो, इंटरनेटवरचे एखादे पान पाहायचे असले की तुम्ही काय करता? ब्राउझर उघडता, पत्ता लिहिता, आणि क्षणात रंगीत पान समोर येते. त्या एका क्षणात दोन संगणकांचे बोलणे होऊन जाते. तुमचा संगणक पान मागतो आणि दूरचा संगणक जवाब देतो. अशा माहिती देणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. ब्राउझर हे बोलणे आपल्याला दाखवत नाही, फक्त सजवलेले पान दाखवतो. हे बोलणे जसेच्या तसे पाहायचे असेल तर त्यासाठी एक छोटे साधन आहे. त्याचे नाव कर्ल.

कर्लमध्ये चित्रे नाहीत की बटणे नाहीत. संगणकावर अक्षरांचीच एक साधी खिडकी असते. विंडोजमध्ये तिला कमांड प्रॉम्प्ट म्हणतात, तर लिनक्समध्ये टर्मिनल म्हणतात. तिथे हुकूम लिहायचा आणि एंटरची कळ दाबायची. संगणक त्या हुकमाप्रमाणे काम करतो.

मराठीच्या तासाला तुम्ही आज्ञार्थी वाक्ये शिकता. 'पुस्तक लवकर आण' या वाक्यात काय आणायचे आणि कसे आणायचे हे दोन्ही सांगितले आहे. कर्लचा हुकूमही असाच असतो. आधी साधनाचे नाव लिहायचे, म्हणजे इंग्रजीतील सी, यू, आर, एल ही चार लहान अक्षरे. मग मोकळी जागा सोडून सूचना लिहायची आणि शेवटी पत्ता. सूचना आडव्या रेघेने सुरू होते. सूचना नसली तरी चालते, पण पत्ता हवाच.

सरावासाठी एक्झाम्पल डॉट कॉम हा पत्ता घ्या. हे नाव उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहे. त्याच्या आधी एचटीटीपीएस, मग विसर्गासारखे दिसणारे कोलनचे चिन्ह आणि दोन तिरप्या रेघा लिहा. एंटर दाबताच पडद्यावर कोनी कंसांनी भरलेला मजकूर येईल. घाबरू नका. हेच ते पान आहे, फक्त सजावटीशिवाय. ब्राउझर याच मजकुराला रंगरूप देऊन आपल्यापुढे ठेवतो.

हा मजकूर फाइलमध्ये साठवायचा असेल तर आडवी रेघ आणि लहान ओ लिहून पुढे फाइलचे नाव द्या. त्याऐवजी मोठा ओ लिहिला तर पत्त्याच्या शेवटी असलेले नावच फाइलला मिळते. उर्दूत आणि मराठीत लहान अक्षर, मोठे अक्षर असा भेद नाही. म्हणून आपल्याकडून इथे गफलत होऊ शकते. कर्लच्या दृष्टीने मात्र लहान ओ आणि मोठा ओ हे दोन वेगळे हुकूम आहेत.

हे साधन कसे तयार झाले? स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग १९९६ साली इंटरनेटवरील गप्पांच्या व्यवस्थेसाठी एक प्रोग्राम लिहीत होते. एका देशाचे चलन दुसऱ्या देशाच्या चलनात किती होते, हे त्या प्रोग्रामने सांगावे अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी चलनांचे ताजे दर इंटरनेटवरून आपोआप आणणे जरूर होते. ब्राझीलच्या रफाएल सागुला यांनी लिहिलेला एक लहानसा प्रोग्राम त्यांना सापडला. स्टेनबर्ग यांनी त्यात सुधारणा केल्या. दोनदा नाव बदलून २० मार्च १९९८ रोजी तो कर्ल या नावाने लोकांपुढे आला. त्या वेळी त्यात सुमारे २,२०० ओळी होत्या. पुढे अनेक देशांतील लोकांनी त्यात भर घातली. कर्ल वापरायला पैसे पडत नाहीत, आणि त्याची प्रत्येक ओळ कोणालाही वाचता येते. फोन, टीव्ही आणि मोटारी यांच्या आतही त्याचा उपयोग होतो. या कार्याबद्दल स्टेनबर्ग यांना २०१७ साली स्वीडनचे पोल्हेम पारितोषिक मिळाले. २०१८ पासून विंडोज १० मध्येही कर्ल आधीपासूनच घातलेले असते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऐका. जवाब आला म्हणजे काम झाले असे समजू नका. प्रत्येक जवाबासोबत सर्व्हर एक आकडा पाठवतो. २०० म्हणजे मागितलेली वस्तू मिळाली. ३०१ म्हणजे तिचा पत्ता कायमचा बदलला आहे. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर अशी वस्तू नाही. आडवी रेघ आणि मोठा आय ही सूचना दिली तर मूळ मजकूर न आणता हा आकडा आणि जवाबाची इतर माहिती तेवढी दिसते.

समजा, तुम्ही अभ्यासाचे एक पुस्तक मागवले, पण पत्त्यातले एक अक्षर चुकले. सर्व्हर '४०४' कळवतो आणि सोबत 'पान सापडले नाही' असा मजकूर पाठवतो. कर्ल तो मजकूरच तुमच्या पुस्तकाच्या नावाने साठवून ठेवते! फाइल दिसते, नावही बरोबर असते, पण आत पुस्तक नसते. परीक्षेच्या आदल्या रात्री ती उघडणाऱ्याचे काय होईल? हे टाळण्यासाठी आडवी रेघ आणि लहान एफ लिहावा. मग असा जवाब आला तर कर्ल फाइल न बनवता चुकीचा आकडा सांगते. पत्ता बदलला असेल तर आडवी रेघ आणि मोठा एल लिहावा, म्हणजे कर्ल नव्या पत्त्यावर जाते.

कधी मोठी फाइल अर्धी उतरते आणि वीज जाते. अशा वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याची गरज नसते. तोच पत्ता आणि तेच फाइलचे नाव ठेवून आडवी रेघ व मोठा सी, मोकळी जागा आणि पुन्हा एक आडवी रेघ अशी सूचना द्या. कर्ल आधी आलेला भाग मोजते आणि त्याच्या पुढचे मागते. सर्व्हरने अशी सोय ठेवलेली असली म्हणजे झाले. वेळ वाचतो आणि डेटाही वाचतो.

एक सूचना मात्र कोणी सांगितली तरी वापरू नका. ती म्हणजे आडवी रेघ आणि लहान के. एचटीटीपीएसने सुरू होणाऱ्या पत्त्यावर कर्ल आधी सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासते, आणि ते खोटे वाटले तर काम थांबवते. लहान के लिहिल्यास ही तपासणीच बंद होते. मग खरा सर्व्हर कोणता आणि त्याचे सोंग घेणारा कोणता, हे कळायचे कसे? पहारेकरी अडवतो म्हणून त्यालाच घरी पाठवणे शहाणपणाचे नाही.

मित्रांनो, शाळेच्या संगणक कक्षात शिक्षकांच्या परवानगीने हे करून पाहा. आधी एक्झाम्पल डॉट कॉमचे पान पडद्यावर आणा. मग ते फाइलमध्ये साठवा. शेवटी मोठा आय वापरून जवाबाचा आकडा वहीत लिहा. तो २०० असेल तर तुमचा हुकूम अचूक होता. दुसरा असेल तर निराश होऊ नका. प्रत्येक अक्षर पुन्हा वाचा. कोठे चुकले ते बहुतेक वेळा तो आकडाच तुम्हाला सांगेल.