खोक्यावर बाळ का नसतं?

खाडीकाठच्या मनोरीतल्या दुकानात बालाहाराचं खोकं उलटसुलट करून पाहा, गुटगुटीत बाळाचा फोटो सापडणार नाही. १९९२चा कायदा (२००३मध्ये आणखी कडक झालेला) दोन वर्षांपर्यंतच्या बालाहाराच्या वेष्टनावर बाळाचं किंवा बाईचं चित्र छापू देत नाही. जाहिरातही बंद. ‘आईचं दूध सर्वोत्तम’ हे मात्र ठळक छापावंच लागतं. आपल्याच मालावर आपणच इशारा छापायचा!

वेष्टनही बदललं: पत्र्याचा डबा मागे पडला, पुठ्ठ्याच्या खोक्यात चंदेरी पिशवी आली. हलकी, वाहतुकीला स्वस्त. पण रिकामा डबा डाळ-मसाल्याला तरी लागायचा. प्लास्टिक-फॉइलचे थर चिकटवलेली ही पिशवी भंगारवालाही सहसा घेत नाही. शिवाय इथल्या दमट हवेत ती उघडी राहिली की पूड गोळे धरते. तोंड दुमडून, चिमटा लावून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेली बरी.

खोक्यावर सध्याचा कल ‘साखर नाही’च्या ठळक अक्षरांचा. एप्रिल २०२४मध्ये ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेने नेस्लेच्या भारतातल्या सेरेलॅक या बालाहारातली वरून घातलेली साखर चव्हाट्यावर आणली. त्याच वर्षी नेस्लेने इथे रिफाइंड साखर न घातलेले प्रकार जाहीर केले.