झाडांची शाई आणि कागदाचे आयुष्य

2014 च्या फाल्गुनात मी एक वही सुरू केली. नियम एकच होता : ज्या झाडाचे चित्र, त्याच झाडाच्या रंगाने काढायचे. पळसाचे फूल पळसाच्या पाण्यात, बाभळीची फांदी बाभळीच्या शेंगांच्या शाईत. त्या सुमारास मी मोडी शिकत होतो. त्यामुळे चित्राशेजारची टिपणे, म्हणजे गाव, तिथी आणि रंग कसा केला ते, बोरूने आणि घरी घोटलेल्या काजळीच्या शाईने लिहीत असे.

गेल्या वर्षी ती वही दहा वर्षांनी सबंध चाळली. जास्वंदीचे पान उघडले आणि थांबलो. ती जास्वंद आमच्या जुन्या वाड्याच्या अंगणातली. वाडा पाडला तेव्हा झाडही गेले. तिची खूण म्हणून हे एवढेच चित्र होते. जांभळट लाल फुलाच्या जागी आता मातकट डाग होता. बाभळीच्या पानावर उलट प्रकार. रेघा काळ्याभोर होत्या, पण कागदाच्या मागच्या बाजूला तपकिरी डाग फुटले होते, आणि एका जाड रेघेवर पान दुमडले तसा कागद तडकला. शेजारची टिपणे मात्र काल लिहिल्यासारखी होती.

मी रसायनशास्त्र शिकलेला नाही. पण तीन शाया एकाच वहीत तीन तऱ्हांनी वागल्या, त्याचे कारण शोधल्याशिवाय राहवेना. जे हाती लागले ते येथे मांडतो.

फुलांच्या रंगापासून सुरुवात करू. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकल्या की जांभळट पाणी सुटते. त्यात लिंबू पिळले तर ते लालभडक होते, खायचा सोडा टाकला तर हिरवट. या रंगद्रव्याला अँथोसायनिन म्हणतात. आंबट-खारट बदलले की त्याची घडण बदलते, आणि उजेडात ती मोडते. हळदीचेही तसेच. चुन्याच्या संगतीने हळद लाल होते, हे हळदीपासून कुंकू करणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण हळदीचा पिवळा उन्हात टिकत नाही. माझ्या वहीचे एक पान महिनाभर खिडकीशी उघडे राहिले होते. त्यावर पट्टी पडली होती तेवढाच पिवळा पट्टा शिल्लक आहे. पळसाच्या काढ्यात तुरटी घातली की रंग कागदाला अधिक धरतो, पण त्याचेही आयुष्य मर्यादितच.

दुसरी शाई तुरट रसाची. तिच्यासाठी अहिल्यानगर जिल्ह्यात दूर जावे लागत नाही. अकोले तालुक्याच्या डोंगरात हिरडा आहे, राहाता-संगमनेरकडे डाळिंबाच्या साली मिळतात आणि बाभूळ तर कोणत्याही बांधावर. या तिन्हींत टॅनिन असते. त्यांच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोहाचे सल्फेट, घातले की शाई तयार. ताजी रेघ राखाडी दिसते आणि हवेतला प्राणवायू मिळत जातो तशी काळी होते. हा काळा उन्हाला सहज दबत नाही आणि कागदाच्या तंतूंत मुरतो, म्हणून पाण्यानेही सहसा जात नाही.

पण याच संयोगात गंधकाम्ल तयार होते, आणि टॅनिनला न जुळलेले जादा लोह कागदाचे तंतू तोडत राहते. युरोपात मायफळाच्या अशाच शाईने शतकानुशतके लिहिले गेले. बाख या संगीतकाराच्या हस्तलिखितांत त्याच शाईने कागद खाल्ला आहे. माझी चूक साधी होती. रंग अधिक काळा व्हावा म्हणून हिराकस मी अंदाजाने ओतला होता. आता 100 ग्रॅम वाळलेल्या शेंगा एक लिटर पाण्यात निम्मे होईपर्यंत उकळतो आणि गाळलेल्या काढ्यात पाच ग्रॅमच हिराकस घालतो. रेघ थोडी फिकी येते. ते मी चालवून घेतो.

तिसरी शाई पोथ्यांची. तिळाच्या तेलाच्या दिव्यावर मातीची परळ पालथी धरायची आणि जमलेली काजळी खरवडून घ्यायची. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून गाळायचा. काजळी पाण्यावर तरंगते, मिसळत नाही. म्हणून ती आधी डिंकाच्या दाट पाण्यात खलायची आणि मग थेंब थेंब पाणी वाढवायचे. खरे काम घोटण्याचे. मी तीन दिवस, रोज दोन तास घोटतो. डिंक कमी पडला तर अक्षर हाताला लागते, जास्त झाला तर वाळल्यावर पापुद्रे सुटतात.

काजळी म्हणजे कार्बन. उजेडाने तो विटत नाही आणि कागदाला खातही नाही. त्याचा वैरी एकच, ओल. कारण ही शाई कागदात मुरत नाही, वर बसते. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. त्यात शाई, बोरू, कागद यांच्याबरोबर पोथी बांधून ठेवण्याच्या वस्त्रांचीही काळजी आहे. ओलीने अक्षर जाण्याचा अनुभव घेतल्यावर तो समास मला वेगळा वाचता आला.

तरीही नुसत्या शाईवर भिस्त ठेवता येत नाही. याच जिल्ह्यात, प्रवरेकाठी नेवासे येथे, शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. त्यांच्या हातची प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो नकलांवर नकला होत गेल्या म्हणून, आणि नकलांत शिरलेले पाठभेद पाहून एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, तो शुद्ध केला म्हणून.

मी फुलांचे रंग सोडलेले नाहीत. अशी वही करू पाहणाऱ्यांना एवढेच सांगेन : आकृतीची रेघ काजळीने काढा, आत फुलाचा रंग भरा, हिराकस तोलून घाला, वही मिटून, कोरड्या जागी ठेवा, आणि शेजारी रंगाचे नाव काजळीच्याच शाईने लिहा.

जास्वंदीच्या पानावर मी पुन्हा रंग चढवला नाही. डागाशेजारी दहा वर्षांपूर्वीची मोडी ओळ आहे : अंगणातली जास्वंद, पाकळ्या सात, पाणी अर्धी वाटी, रंग जांभळट लाल. या दिवाळीत ती ओळ नव्या वहीत उतरवून घेतली आहे.