उभ्या गाडीचं वय

अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत तीन शब्द हमखास भेटतात: 'रॅन व्हेन पार्क्ड'. उभी केली तेव्हा चालू होती. विधान बहुतेक वेळा खरंच असतं. कधी उभी केली, ते मात्र आजूबाजूच्या गवताच्या उंचीवरून ताडावं लागतं.

इथे ओहायोत आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मराठी जोडप्यानं अशीच एक मोटरहोम घेतली. १९९४ सालची, फोर्डच्या व्हॅनच्या चॅसिसवर बांधलेली. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग, मागे ओटा, फ्रिज, न्हाणी, संडास. नऊ वर्षं एका शेतावरच्या कोठाराशेजारी उभी होती आणि काट्यावर फक्त ३१ हजार मैल. यलोस्टोनला जायचं आणि स्वतःच्या शेगडीवर पिठलं-भात टाकायचा, एवढा साधा बेत. ती गाडी रस्त्यावर आणायला मी चार महिने शनिवार-रविवार पाने उचलून देत होतो. त्या काळात येणाऱ्या-जाणाऱ्यानं दिलेले सल्ले ऐकले. बरेच चुकीचे होते आणि दोन-तीन तर जिवावर बेतणारे.

'कमी चाललीय, म्हणजे जवळजवळ नवीच'

घोडा न फिरवल्यानं अडतो, भाकरी न फिरवल्यानं करपते, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. गाडी विकत घेताना मात्र आपण नेमके मैलच बघतो. चालणाऱ्या गाडीचा लोखंडी भाग झिजतो. उभ्या गाडीचं रबर मरतं. टायर, होज पाइप, बेल्ट, ऑइल सील हे सगळं वापराच्या नव्हे, वर्षांच्या हिशेबानं म्हातारं होतं.

टायरचं वय टायरवरच छापलेलं असतं. बाजूच्या भिंतीवर 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक शोधायचा आणि त्यातले शेवटचे चार आकडे वाचायचे. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे दिसले, तर टायर गेल्या शतकातला आहे आणि पुढे काही वाचायची गरज नाही. मिशलनसारखी कंपनी सांगते की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करून घ्या आणि दहा वर्षांनी, नक्षी कितीही शिल्लक असो, टायर बदला. आमच्या गाडीच्या टायरांची नक्षी नखाएवढी खोल होती. भिंतीवर मात्र उन्हानं आणि ओझोननं बारीक भेगांचं जाळं विणलं होतं. मागच्या जोडचाकांतलं आतलं टायर तर वाकून, टॉर्च मारून बघितल्याशिवाय दिसतच नाही. असं टायर हायवेवर फुटलं की सुटलेला पट्टा चाकाच्या वरचं अस्तर, वायरी, कधी कधी गॅसची नळीसुद्धा फोडून काढतो. सहाही टायर बदलले. पहिला मोठा खर्च तोच, आणि त्यात घासाघीस करू नये.

ब्रेकचंही तसंच. ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते हवेतली ओल शोषत राहतं. 'डॉट ३' प्रतीचं ताजं ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळायचं नाही, हा नियम आहे. ओल मुरलेल्याला ही मर्यादा १४० अंशांवर येते. सपाट ओहायोत हे जाणवणारच नाही. कोलोरॅडोत आयसेनहॉवर बोगद्यातून, म्हणजे सुमारे ११ हजार फुटांवरून, डेन्व्हरकडे उतरताना जाणवेल. तो उतार बोरघाटाच्या कितीतरी पट लांब आहे. पाच टनी गाडी ब्रेकवर तोलत आणली की ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ तळाला जातं. ब्रेकच्या रबरी नळ्या बाहेरून धडधाकट दिसतात आणि आतून सुजलेल्या असतात. पाय काढला तरी दाब परत येत नाही, ब्रेक धरूनच राहतो. म्हणून इंजिनाच्याही आधी ब्रेक.

'नवी बॅटरी घाला आणि सेल्फ मारा'

हा सल्ला सर्वांत जास्त वेळा मिळाला, बहुधा हातात कॉफीचा कप धरून.

अमेरिकेतल्या नेहमीच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं. भारतातही आता ते वीस टक्क्यांवर गेलं आहे, म्हणून हा मुद्दा तिकडच्या वाचकांनीही ध्यानात ठेवावा. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. पंप तळातूनच ओढतो. वरच्या पेट्रोलमधले हलके, पटकन पेट घेणारे घटक उडून जातात आणि मागे वार्निशसारखा चिकट, आंबूस वासाचा राप उरतो. अशा पेट्रोलवर सेल्फ मारत राहिलं की तो राप पंप, फिल्टर, इंजेक्टर असा पुढे सरकत जातो. निम्मी टाकी जुनी असताना वरून ताजं पेट्रोल ओतणं म्हणजे नासलेल्या दुधात चांगलं दूध ओतणं. टाकी रिकामी करावी लागते आणि मोटरहोमच्या टाकीत दीडशे-दोनशे लिटर सहज मावतं. ते ओढ्यात किंवा गटारात सोडायचं नाही. घातक कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्यायचं. आम्हाला तीन फेऱ्या झाल्या.

डिझेल गाडीवाल्यांनी निर्धास्त राहू नये. डिझेलच्या टाकीत साचलेल्या पाण्याच्या थरात जिवाणू आणि बुरशी वाढतात आणि फिल्टरमध्ये काळा लगदा बसतो.

इंजिनाचं म्हणाल, तर नऊ वर्षांत सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल ओघळून गेलेलं असतं. कोरड्या भिंतीवर रिंगा घासल्या की पहिल्या दहा सेकंदांत होणारी जखम पुढच्या दहा हजार मैलांत होणार नाही. आम्ही दोन सीटमधलं झाकण काढलं, आठही प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं आणि दोन दिवस वाट पाहिली. मग पाना लावून हातानं इंजिन फिरवलं. अडलं असतं तर जोर करायचा नव्हता; पुन्हा तेल, पुन्हा वाट. नंतर इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलून, प्लग न लावताच, ऑइलचा दाब दिसेपर्यंत सेल्फ मारला. वाट बघण्याचे दिवस सोडले, तर हे सगळं व्हायला एक रविवार लागतो. ज्यांना तेवढाही धीर नसतो त्यांचं इंजिन खोलावं लागतं.

बॅटरीबद्दल एकच. मोटरहोमला दोन वेगळे संच असतात, इंजिनाचा आणि घराचा. उतरलेली बॅटरी शून्याखाली सात-आठ अंशांतच गोठते. इथल्या हिवाळ्यात ते नेहमीचं. गोठलेल्या, फुगलेल्या बॅटरीला चार्जर लावला तर ती फुटू शकते.

'इंजिन लागलं, म्हणजे गाडी वाचली'

इंजिन तिसऱ्या झटक्याला लागलं. टाळ्या पडल्या, फोटो निघाले, भारतात व्हिडिओ गेला. माझ्या मते त्या दिवशी आम्ही कामाच्या पाव भागापर्यंतसुद्धा पोचलो नव्हतो.

मोटरहोमला मारतं ते पाणी. इंजिन बिघडलं तर ते बदलता येतं, त्या फोर्ड इंजिनाचे भाग अजून मिळतात. घर कुजलं तर गाडीच संपते. ज्यांनी कोकणात पावसाळ्याआधी कौलं शाकारलेली पाहिली आहेत त्यांना हे पटकन समजेल: छपराकडे दरवर्षी बघावं लागतं, गळायला लागल्यावर नव्हे. या गाडीच्या छपरावर रबराचा एक पातळ थर ताणून चिकटवलेला असतो. त्याला वायुवीजनाच्या खिडक्या, एसी, पाइप यांसाठी भोकं पाडलेली असतात आणि प्रत्येक भोकाभोवती सीलंट. सीलंट उन्हानं तडकतं. कडेच्या पट्ट्यांचे स्क्रू सैल होतात. कोपऱ्यातले छोटे दिवे आणि डोक्यावरच्या पलंगाची पुढची खिडकी ही पाण्याची आवडती दारं.

पाणी आत शिरलं की दिसत नाही, हा खरा घात. भिंत म्हणजे बाहेरून फायबरग्लासचा पत्रा, त्यामागे जेमतेम तीन मिलिमीटरचं प्लायवूड, मग फोम आणि लाकडी किंवा अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, असं सगळं एकमेकांना चिकटवलेलं सँडविच. प्लायवूड भिजलं की पापुद्रे सुटतात आणि बाहेरचा पत्रा फुगतो. भिंतीला गाल लावून उन्हाच्या तिरीपेत लांबवर बघितलं की फुगवटे दिसतात. विकणारा म्हणतो, रंगाचा दोष आहे. रंगाचा नसतो. आमच्या गाडीत पलंगाखालच्या कोपऱ्यात स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर निघालं ते ओलं शेणकुटासारखं लाकूड. सात आठवडे त्या एका कोपऱ्यात गेले.

यावरचा लोकप्रिय उपाय म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन. इतका स्वस्त आणि इतका महागात पडणारा उपाय दुसरा नाही. सिलिकॉन त्या रबरावर नीट धरत नाही आणि एकदा लागलं की त्या जागी दुसरं काहीच धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा. छपराच्या रबरासाठी स्वतंत्र, आपोआप पसरून सपाट होणारं सीलंट मिळतं. आधी जुनं खरवडायचं, मग ते. आणि ओलं लाकूड आत ठेवून वरून सील केलं, तर आपण कुजण्याची सोय करून दिली.

'उंदीर होते, झाडून काढलं की झालं'

इथे थांबा. अमेरिकेत रानउंदरांच्या लेंड्यांतून आणि मुतातून हंता विषाणू पसरतो. १९९३ मध्ये न्यू मेक्सिको, अॅरिझोना, कोलोरॅडो आणि युटा जिथे मिळतात त्या भागात हा आजार प्रथम ओळखला गेला. तो क्वचित होतो, पण फुप्फुसांत उतरला की साधारण तिघांतला एक दगावतो. सुकी घाण झाडली किंवा व्हॅक्यूम मारला तर तीच धूळ श्वासात जाते. दारं-खिडक्या अर्धा तास उघड्या टाकायच्या, हातमोजे घालायचे, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी शिंपडून पाच मिनिटं मुरू द्यायचं, मग कागदानं पुसून पिशवीत भरायचं. झाडू सर्वांत शेवटी.

उंदरांनी कुरतडलेल्या वायरी पुढे वर्षभर सापडत राहतात.

'तीस अँपियरचा प्लग आहे, ड्रायरच्या लाइनला जोडा'

हा सल्ला एका इलेक्ट्रिशियननं दिला आणि मला अजून आठवला की घाम फुटतो. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची. कपडे वाळवण्याच्या यंत्रासारख्या जड उपकरणांना २४०. मोटरहोमचा तीन पायांचा जाड प्लग बघून भल्याभल्यांना तो २४०चा वाटतो. तो १२० व्होल्टचाच असतो. ३० अँपियर गुणिले १२०, म्हणजे ३,६०० वॉट, बस्स. २४० दिलं की चार्जर, मायक्रोवेव्ह, एसी एका क्षणात जळतात. चार पायांचा ५० अँपियरचा प्लग वेगळा. तिथे १२०च्या दोन लाइनी येतात. जोडण्याआधी मल्टिमीटर लावायला अर्धं मिनिट लागतं.

'फ्रिज उलटा करून ठेवा, चालू होईल'

जुन्या मोटरहोमचा फ्रिज घरच्यासारखा नसतो. त्यात कॉम्प्रेसर नाही. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांच्या खेळावर, गॅसच्या ज्योतीनं तापवून, तो थंड होतो. १९२२ मध्ये स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी, फॉन प्लाटेन आणि मुंटर्स यांनी, ही युक्ती काढली. त्यातला प्रवाह गुरुत्वाकर्षणावर चालतो, म्हणून गाडी समतल उभी हवी. गाडी तिरकी ठेवून फ्रिज चालवला तर नळ्या कायमच्या निकामी होतात. उलटा करण्याचा तोडगा कधीमधी अडलेला प्रवाह मोकळा करत असेलही, पण मागे पिवळी पूड दिसली किंवा अमोनियाचा झोंबणारा वास आला, तर नळी फुटलेली आहे. ती पूड विषारी असते आणि फ्रिज गेलेला असतो. आम्ही साधा कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज बसवला.

गॅसच्या बाबतीत आणखी एक. शेगडी आणि गिझरच्या बर्नरमध्ये कुंभारमाश्या मातीची घरं करतात, ज्योत पिवळी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. तो ओळखणारं यंत्र भिंतीवर असतं, पण त्याचं आयुष्य पाच-सात वर्षांचं. बटण दाबल्यावर ते वाजतं, म्हणून लोक फसतात. बटण फक्त भोंगा तपासतं. मागची तारीख वाचा.

'महिन्यातून एकदा सुरू करून ठेवली की पुरे'

जागेवर पंधरा मिनिटं घुरघुरवलेल्या इंजिनाचं ऑइल नीट तापत नाही. जळणातून निघालेलं पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचतं. त्यापेक्षा न लावलेलं बरं. महिन्यातून एकदा वीस-पंचवीस मैल फिरवून आणा, म्हणजे टायर, ब्रेक, गिअरबॉक्स सगळ्यांना व्यायाम होतो. जनरेटरही नुसता लावून भागत नाही. एसी वगैरे चालू करून, निम्म्या भारावर, दोनेक तास. हिवाळ्यात नळांत गुलाबी अँटिफ्रीझ सोडतात, ते पिण्याच्या पाइपांसाठीचं. रेडिएटरमधलं हिरवं विषारी असतं. रंगात घोटाळा करू नका.

ती गाडी गेल्या सप्टेंबरात यलोस्टोनला जाऊन आली. खरेदीच्या किमतीपेक्षा दुरुस्तीला जास्त पैसे लागले, आणि दोघांनीही तो हिशेब अजून एकमेकांना मोठ्यानं सांगितलेला नाही.

तुम्ही अशी गाडी बघायला जाणार असाल तर भर पावसात जा. मालकाला आधी फोन करून सांगा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. आणि आत शिरल्यावर इंजिनाच्या आवाजाकडे कान देण्याआधी, वरच्या पलंगावर चढून गादी उचला आणि चारही कोपरे अंगठ्यानं दाबून बघा.