घर विकताना सागवानाला रंग द्यावा का?

आपल्या समाजातली नोकरी-धंद्याला लागलेली पहिली पिढी आता थकली आहे. कित्येक जण आपल्यातून निघूनही गेले. मुंबईच्या गिरणीत, नगरच्या लष्करी डेपोत, रेल्वेत, साखर कारखान्यात राबून त्यांनी गावात घरे बांधली. ती घरे आता मुलांच्या नावावर आली आहेत, आणि मुले नगरला, पुण्याला, कल्याणला फ्लॅटचे हप्ते भरीत आहेत. शेवटी गावचे घर विकायचे ठरते. मग किमतीच्या आधी वाद होतो तो रंगावरून.

धाकटा भाऊ म्हणतो, "एवढे काळे लाकूड बघून गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल. ऑइलपेंट मारून टाकू." थोरली बहीण म्हणते, "दादांनी दरवर्षी तेल पाजलेले लाकूड आहे, त्याला ब्रश लावू नका." खरेदीखताच्या कागदांसाठी लोक माझ्यासारख्या कारकुनाकडे येतात, तेव्हा हा प्रश्न हमखास निघतो. म्हणून त्याचा नीट विचार करू.

लाकूड आले कोठून?

आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या घरांत कडीपाटाचे छत असते, सागवानी खांब, चौकटी, भिंतीतले फडताळ आणि काही ठिकाणी भिंतीला लावलेल्या फळ्या असतात. कोणी बोनसच्या पैशातून हे लाकूड घेतले, कोणी प्रॉव्हिडंट फंडाच्या. कोणी मोडक्या वाड्याचे लाकूड विकत आणले. ज्या चौकटीबाहेर आजा जोहार घालून उभा राहत असे, तसलीच चौकट नातवाने रोख पैसे मोजून स्वतःच्या घराला बसवली. त्यामुळे बहिणीचा जीव त्या लाकडात अडकला तर त्यात नवल नाही. पण विक्रीचा निर्णय हिशेबानेही तपासला पाहिजे.

घेणारा कोण?

गिऱ्हाईक साधारण तीन तऱ्हेचे असते. पहिला घर पाडून नवे बांधणारा. तो जागेची किंमत देतो आणि जुने लाकूड घनफुटावर विकतो. लाकडाच्या व्यापाऱ्याला रेषा दिसाव्या लागतात. रंगाखाली साग आहे की आंबा, हे कळत नसेल तर तो भाव पाडूनच मागतो. दुसरा जुन्या सागवानाची आवड असणारा. त्याला रंग दिसला की तो काढण्याचा खर्च तो किमतीतून वजा करतो. तिसरा साधा संसारी माणूस. त्याला काळोख नको असतो, पण रंग त्याला त्याच्याच पसंतीचा हवा असतो. तिघांपैकी एकाकडूनही तुमच्या रंगाचे पैसे वसूल होतील असे दिसत नाही.

सरकारी हिशेबातही रंगाला जागा नाही. मुद्रांक शुल्क करारातल्या किमतीवर किंवा वार्षिक मूल्यदर तक्त्याप्रमाणे निघणाऱ्या किमतीवर, जी जास्त असेल तिच्यावर लागते. त्या तक्त्यात जागा, क्षेत्र, बांधकामाचा प्रकार आणि वय पाहतात.

आणखी एक गोष्ट. बिनरंगी लाकडाला रंग उद्याही देता येतो. दिलेला रंग काढायचा म्हटले तर खरवडणे, घासणे, मजुरी, आणि नक्षीच्या खाचांत तो राहतोच.

झाकण्यासाठी रंग नको

काही जण सुचवतात की वाळवीची भोके पुट्टीने बुजवून वरून रंग मारावा. हे करू नका. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. आपण तर दर पौर्णिमेला विहारात पंचशील घेतो. चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे, आणि ब्रशने बोललेले खोटेही खोटेच.

सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. बाहेरच्या पांढऱ्या भागाला लागते. खांबाचा बुंधा आणि कड्यांची भिंतीतली टोके सळईने टोचून पाहा. सळई आत गेली तर सुतार बोलवा, तेवढा तुकडा बदला आणि गिऱ्हाइकाला सांगा.

मग करायचे काय?

चुलीच्या धुराने काळे पडलेले लाकूड कोमट पाण्यात थोडा साबण घालून, फडके घट्ट पिळून पुसा. पाणी ओतू नका. चांगले वाळू द्या. मग बारीक पॉलिश पेपर रेषांच्या दिशेने फिरवा आणि जवसाचे उकळलेले तेल टर्पेंटाइनमध्ये निम्मे-निम्मे मिसळून पातळ हात द्या. आधी फडताळाच्या मागच्या कोपऱ्यात करून पाहा. तेलाची फडकी मात्र गोळा करून टाकू नका. जवसाच्या तेलाची चुरगळलेली फडकी आपोआप तापून पेट घेतात. ती पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

घर उजळ दिसायला हवे असेल तर भिंतींना पांढरा हात द्या. पांढऱ्या भिंतीशेजारी तेच लाकूड उठून दिसते.

रंग द्यावा अशीही वेळ असते. लाकूड साधे असेल, निरनिराळ्या जातींचे तुकडे जोडलेले असतील किंवा आधीपासून रंगच असेल आणि तो पोपडे धरून लोंबत असेल, तर एक साधा हात देऊन घ्या. जुना रंग लहान मुलांसमोर कोरडा खरवडू नका. जुन्या रंगांत शिसे असू शकते आणि त्याची धूळ मुलांच्या मेंदूला घातक असते. घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासूनच लागू झाला आहे.

धम्मचक्र पुसायचे का?

आता अवघड गोष्ट. कित्येक घरांत फडताळाच्या दारावर धम्मचक्र कोरलेले असते, चौकटीवर 'जयभीम' असते. मिश्र वस्तीत घर विकताना घरातलेच कोणी हळूच म्हणते, "एवढे तरी रंगाखाली जाऊ द्या, भाव पडेल." ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. घर बौद्धांचे आहे हे कळल्यावर बोलणी तोडणारे लोक आजही आहेत. पण खरेदीखतावर आपले नाव येणारच आहे. भगवान बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो सन्मानाने उतरवून नव्या घरी न्या. कोरलेले फडताळ फारच जिवाचे असेल तर दारे काढून न्या आणि तसे बोलणीतच सांगा. मात्र आपण कोण आहोत हे लपवण्यासाठी आपल्याच खिशातून रंगाऱ्याला पैसे देऊ नका.

विकणे हाच अपराध, असे मानणाऱ्यांनी बाबासाहेबांकडे पाहावे. त्यांनी मुंबईत बांधलेल्या दोन इमारतींपैकी चारमिनार १९४१ मध्ये विकली आणि ग्रंथांचे राजगृह राखले. काय सोडायचे आणि काय ठेवायचे, हे त्यांनी विचाराने ठरवले.

रंगाचे पैसे कागदांना

वाचलेले पैसे कागदांवर खर्च करा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा मिळकत पत्रिका काढा. हिंदू वारसा कायदा १९५६ बौद्धांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला आहे. तेव्हा बहिणींची संमती आणि वाटा आधी ठरवा. सहीपुरते त्यांना बोलावू नका. घर जुन्या वतनाच्या जमिनीवर असेल तर सातबारा नीट वाचा. 'भोगवटादार वर्ग २' अशी नोंद असल्यास सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार करू नका. वतनाच्या जाचाविरुद्ध बाबासाहेबांनी आपल्याच जिल्ह्यात, हरेगावला, डिसेंबर १९३९ मध्ये परिषद घेतली होती. त्या वतनाची खूण सातबाऱ्यावर अजून राहिली आहे, आणि तिच्यामुळे अडलेले व्यवहार मी पाहिले आहेत. रंग न दिल्यामुळे अडलेला व्यवहार मात्र एकही पाहिला नाही.

घर दाखवायच्या आदल्या दिवशी भावंडांनी मिळून लाकूड पुसा, खिडक्या उघडा, आणि गिऱ्हाइकाला सांगा की हे सागवान कोणी, कोणत्या साली, कोणत्या कमाईतून बसवले. भाव त्यानंतर बोला.