पाण्याबरोबर नदीचा गाळही तपासा

बुलढाणा जिल्ह्यात उगम पावलेली पैनगंगा आदिलाबादपाशी महाराष्ट्र आणि तेलंगणाची सीमा होऊन वाहते आणि पुढे वर्धेला मिळते. दोन्ही काठांवर कापूस पिकतो, दोन्हीकडे मराठी बोलली जाते, पण कारभार दोन राज्यांचा. अशा नदीत सांडपाणी मिसळते का, हे ठरवायला पाण्यातले विष्ठेचे कोलिफॉर्म जंतू मोजतात. आंघोळीच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे २,५०० ही त्यांची कमाल मर्यादा आहे. ही मोजणी हवीच, पण ती अपुरी आहे. हे जंतू उघड्या पाण्यात फार काळ टिकत नाहीत, त्यामुळे नमुना घेतला त्या सुमाराची स्थिती तेवढी कळते. शिवाय ते शेणातूनही येतात. बैलांवर शेती चालणाऱ्या आदिलाबादेत गुरे नदीवर येणारच. मग वाढलेला आकडा गोठ्यातला की गटारातला, हे कसे ओळखायचे?

याचे उत्तर गाळात सापडते. माणसाच्या आतड्यातले जिवाणू कोलेस्टेरॉलपासून कोप्रोस्टॅनॉल नावाचा पदार्थ तयार करतात. विष्ठेतल्या स्टेरॉलांपैकी सुमारे ६० टक्के हाच असतो. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मातीच्या बारीक कणांना चिकटून तळाशी बसतो आणि प्राणवायू नसलेल्या गाळात वर्षानुवर्षे टिकतो. गुरांच्या शेणात मात्र वनस्पतींमधल्या स्टेरॉलपासून बनलेले २४-एथिलकोप्रोस्टॅनॉल जास्त असते. दोहोंचे प्रमाण पाहिले की माणूस आणि जनावर यांतला फरक कळतो. जोडीला कपडे धुण्याच्या पावडरीतून येणारे अल्किलबेंझीन गटातले पदार्थही गाळात मोजता येतात. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या समुद्रतळावर सांडपाणी कुठवर पसरले, हे १९७९ साली कोप्रोस्टॅनॉलवरूनच दाखवले गेले.

यावर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. पावसाळ्यातला पूर गाळ खरवडून नेतो, मग जुना पुरावा उरेल कसा? मुख्य धारेत तो उरणार नाही. म्हणून नमुने संथ डोहातून आणि बंधाऱ्यामागच्या पाण्यातून घ्यावेत. चनाखा-कोरटा बंधारा त्यासाठी सोयीचा आहे. घाटावर धुणे होते, तेव्हा पावडरीचा अंश एकटा गटार सिद्ध करत नाही, हेही खरे. डुकरांच्या विष्ठेतही कोप्रोस्टॅनॉल असते. म्हणूनच एका खुणेवर विसंबू नये. अनेक खुणा एकाच दिशेला बोट दाखवतील तेव्हाच निष्कर्ष काढावा. तपासणी महाग आहे, त्यासाठी वायू क्रोमॅटोग्राफी आणि वस्तुमान वर्णपटमापी लागतो. पण गाळ रोज तपासायचा नाही; वर्षातून एकदा, ठरावीक जागी पुरेसे आहे. आजचे पाणी अंगावर घेण्याजोगे आहे का, हे मात्र जंतूंची मोजणीच सांगेल.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरी सांडपाण्यापैकी जेमतेम २८ टक्क्यांवरच प्रत्यक्ष प्रक्रिया होते. शुद्धीकरण केंद्रे उभी राहायलाच हवीत. त्यांनी नदी खरोखर सुधारली का, हे आधीचा आणि नंतरचा गाळ शेजारी ठेवल्याशिवाय ठामपणे सांगता येणार नाही. दोन्ही राज्यांच्या मंडळांनी पैनगंगेच्या ठरलेल्या जागांवरून एकाच दिवशी, एकाच पद्धतीने नमुने घ्यावेत आणि निकाल मराठीत व तेलुगूत जाहीर करावेत. मग समोरच्या काठाकडे बोट दाखवून कुणालाच सुटता येणार नाही.