अर्थ समोरच असतो: समांतर सिनेमा बघताना

आजचा विषय आहे समांतर सिनेमातले दडलेले अर्थ आणि त्यात दिसणारा समाज. विषय ऐकल्यावर पहिला प्रश्न येतो तो असा, की हे असले सिनेमे आपल्यासाठी असतात का? आपलं शहर कारखान्यांचं. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि मग भोसरी, चिंचवड, आकुर्डी करत हा पट्टा चाकणपर्यंत गेला. हॅरिस पुलाच्या पलीकडे, पुण्यात, 1960 पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. त्यामुळे एक समज होऊन बसलाय, की सिनेमाचा अर्थ लावायचा तो पुलापलीकडच्यांनी. अलीकडच्यांनी शिफ्ट संपवून यायचं आणि दोन घटका करमणूक करून घ्यायची. हा समज आज आपण तपासून बघू.

सुरुवात 'दडलेला' या शब्दापासून करू, कारण या शब्दानं फार घोटाळा केलाय. दिग्दर्शकानं कुठंतरी किल्ली लपवलीय आणि ती सापडली की सिनेमा उलगडला, असं आपल्याला वाटतं. मग आपण कोडी सोडवायला बसतो. कावळा दिसला, म्हणजे मरण. पाऊस आला, म्हणजे सुटका. खरं तर चांगल्या सिनेमात अर्थ बहुतेक वेळा समोरच ठेवलेला असतो. त्याच्याकडे बोट तेवढं दाखवलेलं नसतं. म्हणून बघताना तीन साधे प्रश्न सोबत ठेवावेत. कॅमेरा कुठं आणि किती वेळ थांबलाय? समोर एक गोष्ट चालू असताना आवाज कसला येतोय? आणि कुठली गोष्ट दाखवायचीच टाळलीय?

तुमच्यापैकी जे मशीनवर उभे राहतात, त्यांना ही रीत नवीन नाही. जॉबवरच्या खुणा बघून तुम्ही सांगता, की टूल घासलंय. जॉब बोलत नाही, खुणा बोलतात. सिनेमाचंही तसंच आहे.

आता चैतन्य ताम्हाणे यांचा 2014 चा 'कोर्ट' घेऊ. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गोष्ट थोडक्यात अशी: मुंबईत गटारसफाई करणारा एक कामगार मॅनहोलमध्ये मरतो. पोलीस म्हणतात, ही आत्महत्या आहे, आणि नारायण कांबळे या लोकशाहिराच्या गाण्यानं त्याला त्याकडे ढकललं. शाहिरावर खटला चालतो. वीरा साथीदार यांनी ही भूमिका केली आहे.

इथं तिसरा प्रश्न लावून बघा. काय दाखवलेलं नाही? कामगाराचं मरण. तो मॅनहोलमध्ये उतरताना आपल्याला एकदाही दिसत नाही. तो कळतो फक्त त्याच्या बायकोच्या साक्षीतून. सुरक्षेचं कुठलंही साधन त्याला मिळालेलं नव्हतं. आत वायू आहे की नाही हे तो झुरळांवरून ओळखायचा. झुरळ हललं तर उतरायचं. हे सगळं ती सपाट आवाजात सांगते, आणि कोर्टाचं काम पुढं सरकतं. मरण पडद्याबाहेर ठेवलंय, कारण त्या कोर्टातही ते बाहेरच राहिलंय. खटला गाण्यावर चालतो. साधनं न देणाऱ्यावर तो चालतच नाही.

आता पहिला प्रश्न. शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, शाहीर तुरुंगातच राहतो. खोली रिकामी होते, दिवे एकेक करून बंद होतात, आणि कॅमेरा तिथंच उभा. अंधार झाल्यावर आपण समजतो, सिनेमा संपला. तो संपत नाही. पुढं न्यायाधीशसाहेब कुटुंबकबिल्यासह सहलीला गेलेले दिसतात. ते काही खलनायक नाहीत. चारचौघांसारखे गृहस्थ आहेत, सुट्टीत बाकावर डुलकी काढणारे. आणि म्हणूनच ते दृश्य अंगावर येतं. माणूस वाईट असता तर बदली करून भागलं असतं. इथं व्यवस्था नेहमीसारखी चालू आहे, आणि एक निरपराध माणूस सुट्टी संपायची वाट बघतोय.

मैला सफाईसाठी माणूस उतरवण्यावर बंदी घालणारा कायदा 2013 चा आहे. मार्च 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरवून दिली, 2023 मध्ये ती तीस लाख केली. म्हणजे कागद आहेत. कागद आणि मॅनहोल यांच्यात कोण उभा आहे, हे सिनेमा विचारतो. कंत्राटदार, उपकंत्राटदार आणि रोजंदारीवरचा माणूस ही उतरंड आपल्या पट्ट्यात कुणाला समजावून सांगावी लागते का?

दुसरा सिनेमा नागराज मंजुळे यांचा 'फँड्री', 2013 चा. जब्या हा कैकाडी समाजातला मुलगा काळ्या चिमणीच्या मागं असतो. तिची राख टाकली की आवडती मुलगी वश होते, असं त्याला सांगितलेलं असतं. या चिमणीवर पुष्कळ लिहिलं गेलंय, की ती म्हणजे स्वप्न, ती म्हणजे जात. असेलही. पण आधी सिनेमा तिचं काय करतो ते बघू. जब्या गलोल घेऊन तिच्यावर नेम धरतो आणि नेम चुकत राहतो. शेवटी तोच हात दगड उचलतो. चिमणीसाठी तयार झालेला हात हिणवणाऱ्या माणसावर चालतो. चिमणीचा अर्थ शब्दकोशात नाही, तो या दोन दगडांच्या मधल्या अंतरात आहे.

डुक्कर पकडण्याचा प्रसंग आठवा. कुटुंब डुकराला घेरतं, आणि नेमकं शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे. डुक्कर निसटतं. हा दुसरा प्रश्न, आवाजाचा. राष्ट्रगीताला मान देण्यात हे कुटुंब तसूभरही कमी पडत नाही. गाव मात्र त्यांना मान द्यायला तयार नाही. पुढं ते डुक्कर खांद्यावरून नेतात, तेव्हा मागं शाळेच्या भिंतीवर महापुरुषांची चित्रं आहेत, त्यात डॉ. आंबेडकरही. संवाद एकही नाही. आणि अखेरचा दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो, म्हणजे आपल्याकडे. तोवर गावकरी मजा बघत हसत होते. आपणही बघतच होतो.

तिसरा सिनेमा आपल्याच रस्त्यावरचा. चाकणवरून नाशिक रस्त्यानं पुढं गेलं की जुन्नर तालुका लागतो. मंगेश हाडवळे यांचा 2008 चा 'टिंग्या' तिथला. बैल जायबंदी होतो, शेतीच्या कामाचा राहत नाही, म्हणून तो खाटकाला विकायचा ठरतं. शेजारची म्हातारी नानीही आजारी आहे. पोरगा विचारतो, तिला का नाही विकत? लहान पोराचा भाबडा प्रश्न म्हणून आपण हसतो आणि मग हसू थांबतं. कामाचा उरला नाही की जिवाची किंमत काय, हा प्रश्न शेतापुरता राहत नाही. पाठीचा कणा गेलेल्या, गेटपास परत घेतलेल्या कंत्राटी कामगाराला तो तितकाच लागू पडतो. दिग्दर्शकाच्या मनात कारखाना नसेलही. प्रेक्षक स्वतःचं आयुष्य घेऊन सिनेमाला येतो, आणि त्यातून निघणारा अर्थ उसना ठरत नाही.

फक्त एक पथ्य पाळावं. आपण लावलेला अर्थ सिनेमातल्या कुठल्या दृश्यावर, कुठल्या आवाजावर उभा आहे, हे दाखवता आलं पाहिजे. दाखवता आलं नाही तर ती आपली कल्पना, सिनेमाचा अर्थ नव्हे. आणि उलटही खरं आहे. 'हे प्रतीक आहे' एवढं म्हणून थांबलो, तर आपण सुटतो. मॅनहोल हे आधी मॅनहोलच आहे. त्यात माणूस मेलाय. त्याचं प्रतीक करण्याची घाई नको.

तेव्हा हे तीन सिनेमे घरी परत बघा, शक्य तर चार जणांत बसून. संपल्यावर 'आवडला का' असं विचारू नका. 'कॅमेरा कुठं थांबला होता' असं विचारा, आणि ज्याला तिथली कामाची माहिती आहे त्याला आधी बोलू द्या. बोलायला सुरुवात इथूनच करू. प्रश्न घेऊ या.