दिब्रुगडचा सूर्य, दिल्लीचे घड्याळ

डिसेंबरच्या मध्यास दिब्रुगडमध्ये सूर्य मावळतो तेव्हा घड्याळात साडेचारही वाजलेले नसतात. सरकारी कचेऱ्यांत दिवे लागतात आणि कामकाजाचा उरलेला वेळ विजेच्या प्रकाशात रेटला जातो. देशाच्या दुसऱ्या टोकाला, द्वारकेत, सूर्यास्ताला अजून जवळजवळ दोन तासांचा अवकाश असतो. जूनमध्ये चित्र उलटते. अरुणाचलातील डोंग या गावी पहाटे सव्वाचारच्या सुमारास उजाडते आणि कचेरी उघडेपर्यंत दिवसाचा सर्वांत उत्साही भाग निघून गेलेला असतो.

परदेशातून भारतात दूरध्वनी करणाऱ्याला यातले काही जाणवत नाही. ग्रीनिचच्या वेळेत साडेपाच तास मिळवले की काम झाले, मग पलीकडचा माणूस भूजमध्ये असो वा इम्फाळमध्ये. आपले घड्याळ वर्षभर जागचे हलत नाही. हलतात ती इतरांची. लंडनच्या सकाळी नऊच्या बैठकीसाठी बंगळूरूतील अभियंता हिवाळ्यात दुपारी अडीचला बसतो, तर उन्हाळ्यात दीडला. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी काटे पुढे सरकवते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत दोन्ही देशांशी एकाच वेळी काम करणाऱ्या आपल्या कंपन्यांची कशी तारांबळ उडते, हे रात्रपाळीच्या कोणत्याही कर्मचाऱ्याला विचारावे. जगाच्या वेळा सांभाळण्यात एवढा तरबेज झालेला हा देश स्वतःच्या दोन टोकांमधील वेळेचा प्रश्न मात्र टाळत आला आहे.

भारत पूर्व-पश्चिम सुमारे २९ रेखांशांवर पसरला आहे. एका रेखांशाला चार मिनिटे धरली, तर सूर्याच्या हिशेबाने हे अंतर जवळजवळ दोन तासांचे होते. मिर्झापूरजवळून जाणारे साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्त प्रमाण मानून भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ रोजी लागू झाली. ती सर्वांनी मुकाट्याने स्वीकारली, असे मात्र नाही. कोलकात्याने आपली वेळ १९४८ पर्यंत जपली. प्रमाणवेळेहून ३९ मिनिटे मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ तर १९५५ पर्यंत टिकून होती. परक्या सरकारने लादलेली वेळ म्हणून मुंबईकरांनी तिला विरोध केला होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, देशभराची घड्याळे एक तास पुढे नेण्यात आली. तेव्हा घड्याळाला हात लावताच देश मोडेल, हा समज अलीकडचा म्हणावा लागेल.

आसामच्या चहामळ्यांनी ब्रिटिश काळातच यावर आपला तोडगा काढला. तेथे ‘चायबागान वेळ’ चालते आणि ती प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असते. १९५१ च्या मळा कामगार कायद्याने अशा स्थानिक वेळेला वाव ठेवला होता. २०१४ च्या जानेवारीत तत्कालीन मुख्यमंत्री तरुण गोगोई यांनी ही वेळ साऱ्या राज्याला लागू करण्याचा मनोदय जाहीर केला. प्रत्यक्षात काही घडले नाही. चित्रपट दिग्दर्शक जाहनू बरुआ अनेक वर्षे हीच मागणी लावून धरत आले आहेत. स्वतंत्र वेळेसाठीची जनहित याचिका गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये फेटाळली.

दिल्लीचे उत्तर ठरलेले आहे. २००१ मध्ये नेमलेल्या समितीचा निष्कर्ष २००४ मध्ये संसदेपुढे आला: देशाचा विस्तार काही फार मोठा नाही, एकच वेळ पुरेशी आहे. ज्याची संध्याकाळ चार वाजता होते त्याला हे वाचून काय वाटले असेल? पुढे सामरिक कारणे पुढे करण्यात आली. ती कोणती, याचा उलगडा नागरिकांपुढे झाला नाही. याउलट, देशाची अधिकृत वेळ राखणाऱ्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनीच २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात दोन वेळांचा प्रस्ताव मांडला. आसाम व पश्चिम बंगाल यांच्यामधील अरुंद सीमेलगत विभागणी करावी आणि ईशान्येची राज्ये व अंदमान-निकोबार बेटे यांना ग्रीनिचहून साडेसहा तास पुढची वेळ द्यावी, असा तो प्रस्ताव आहे. सीमा अरुंद असल्यामुळे ज्या स्थानकांवर रेल्वेला घड्याळ बदलावे लागेल, ती मोजकीच राहतात.

अपघाताची भीती दाखवून हा विषय मिटवणाऱ्यांनी या तपशिलाला उत्तर द्यायला हवे. अनेक वेळा पाळणाऱ्या अमेरिकेत आणि रशियात गाड्या धावतातच.

दुसरा पर्याय बंगळूरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतील अभ्यासकांचा आहे. साऱ्या देशाची वेळ अर्धा तास पुढे न्यावी, म्हणजे संध्याकाळची वीज वाचेल आणि फाळणीचा आरोपही टळेल, असे त्यांचे म्हणणे. हा उपाय सोयीचा दिसतो, पण त्याची किंमत पश्चिमेला मोजावी लागेल. द्वारकेत डिसेंबरअखेरीस सूर्योदय साडेसातच्या आसपास होतो. तो आठवर जाईल. शिवाय सूर्यास्त उशिरा होणाऱ्या भागांत मुले उशिरा झोपतात, शाळेची घंटा मात्र ठरल्या वेळीच होते. परिणामी त्यांची झोप घटते व शिक्षण मागे पडते, असे भारताविषयीच्या एका अर्थशास्त्रीय संशोधनात आढळले आहे. गरीब घरांतील मुलांना याची झळ अधिक बसते. म्हणजे एकाच वेळेचा भार ईशान्येवरच पडतो, असेही नाही. त्याचा वाटा गुजरात-राजस्थानच्या शाळकरी मुलांच्याही डोळ्यांवर आहे, फक्त तिकडे त्याविरुद्ध कोणी आंदोलन करत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने जो नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला, त्याचा रोख उलट दिशेला आहे. व्यापार, प्रशासन, दळणवळण अशा सर्व व्यवहारांत भारतीय प्रमाणवेळच वापरणे बंधनकारक करावे, असे तो सुचवतो. संगणकांच्या जाळ्यांत सेकंदाच्या अंशाचीही तफावत नको, हे मान्यच. परंतु तो प्रश्न अचूकतेचा आहे; दुपार कुठे मानायची, हा निराळा. अणुघड्याळे दोन वेळा तितक्याच काटेकोरपणे सांभाळू शकतात.

कचेऱ्या व शाळा तासभर आधी उघडण्याचा मार्ग राज्यांना मोकळा आहे, असेही सांगितले जाते. तो आहे, पण बँका, टपाल, रेल्वे आणि केंद्राच्या कचेऱ्या राज्याच्या हुकमात नाहीत. चहामळ्यातील कामगाराची पाळी बागानच्या घड्याळाने पाचला सुटते, तेव्हा मळ्याच्या फाटकाबाहेर चारच वाजलेले असतात. हिवाळ्यात त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत अंधार पडतो, आणि त्याची मुले ज्या शाळेतून परततात ती शाळा दिल्लीच्या वेळेने चालत असते.